एका हाकेला ओ नाही

ता. सावली, जि. चंद्रपूर
एप्रिल, मोह पडायचे दिवस

प्रिय झिंगू, झिंगू,

दोनदा लिहिलं म्हणून हसू नको. घरचा नियम कागदावरही पाळलेला बरा. आधी अक्षर नीट बघून घे. माझ्या 'झ'ची शेपटी खालच्या ओळीत लोंबते, तिच्यावरून बाई मला वर्गात उभं करायच्या आणि तू घरी येऊन आईकडे चुगली करायचास. ती शेपटी दिसली का? दिसली तर हे पत्र मीच लिहिलंय अशी खूणगाठ बांध आणि मग पुढे वाच. फोन खिशात असताना ताईला ही पानं काळी करायची अवदसा कुठून आठवली, असं तुला वाटणारच. कारण आहे, आणि ते मी शेवटी सांगणार आहे. लहानपणी तू गोष्टीचा शेवट आधी वदवून घ्यायचास आणि मग मधल्या गोष्टीला घोरत पडायचास. या वेळी तसं करायचं नाही, कारण मधलं कळल्याशिवाय शेवट तुला पटायचा नाही.

आई बरी आहे. गुडघा धरतो, तरी एका जागी बसत नाही. माझ्या अंगणवाडीतल्या पोरांनी तुझा पेपरात आलेला फोटो भिंतीला चिकटवलाय आणि खिचडी वाढली की पहिला घास 'फुटबॉलमामा'ला दाखवतात. तुझ्या नाकावर हळदीचे डाग पडलेत. मोह यंदा मनसोक्त पडतोय, पण आपण वेचायला जात नाही. होळीच्या आधीपासून नाल्याच्या अंगाला वाघीण आहे, दोन पिल्लांची. लिहायला हरकत नाही म्हणून लिहिलं. तिचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, म्हणून मी अजून 'मोठी' असंच म्हणते. वनखात्यानं झाडांना कॅमेरे बांधलेत, दवंडी पिटलीय, गार्ड रोज दारोदार हात जोडून जातो. लोक माना हलवतात आणि पहाटे टोपली घेऊन निघतात. मोहाचा वास थेट अंगणात येतो, त्या वासानं आई उठते आणि उंबऱ्यावर येऊन बसते. मी चहा नेऊन देते, तो तिच्या हातात निवून जातो.

गेल्या वर्षी तुझं नाव पहिल्यांदा अकरा जणांत आलं तो दिवस मला रोज आठवतो. तुझ्या लहानपणच्या दोस्तानं, जिशाननं, सावलीच्या त्याच्या मोबाईलच्या दुकानात मोठा टीव्ही लावला, रिचार्जचं गिऱ्हाईक बाहेर उभं केलं आणि आईला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. तुझ्या पाठीवर 'प्रफुल' लिहिलेलं होतं. आई म्हणाली, हा कोण प्रफुल. जन्मलास तेव्हा वाळल्या झिंग्यासारखा काळा आणि वाकडा होतास, म्हणून झिंगू. दुसरं नाव घरात कुणाला लक्षात राहिलं नाही. टीव्हीवरचा बोलणारा सारखा तुझंच कौतुक करत होता. हा मिडफिल्डर चेंडू यायच्या आधी मान फिरवून मागचं पाहून घेतो, इतक्या लहान वयात ही सवय दिसत नाही, वगैरे. आईला ते हिंदी काही कळलं नाही. तिनं जिशानला विचारलं, "तो काऊन सारखा मागं पाहून राह्यला? भेते का?" जिशान पोट धरून हसला. मी हसले नाही, कारण आईनं अगदी बरोबर ओळखलं होतं.

ती मान तुला कुणी दिली हे त्या टीव्हीवाल्याला कुठून कळणार? मोह वेचणारं माणूस वाकतं, आणि वाकलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. म्हणून आपल्या गावात एक जण वाकत नाही. तो सगळ्यांच्या मधोमध उभा राहतो, टोपलीला हात लावत नाही, नुसती मान फिरवत राहतो. त्याला आपण 'उभा' म्हणतो. तो चारी अंगांना पाहून घेतो आणि सांगतो, "मागचं माह्याकडे." हे ऐकल्याशिवाय एकही बाई खाली वाकत नाही. तू नऊ वर्षांचा असताना बाबांनी तुला 'उभा' केलं, कारण तुझी मान घुबडासारखी फिरायची आणि वेचण्यात तू एक नंबरचा कामचोर होतास. दुसरा नियम त्यांनी तुला त्याच सकाळी शिकवला, की जंगलात एका हाकेला ओ द्यायची नाही. "माणूस दोनदा हाक मारते," बाबा म्हणाले होते, "दुसरं जे रायते, ते एकदाच मारते." मोठी ज्याला नेते तो पुढे तिच्या पुढ्यात चालतो आणि आपल्याच माणसांना हाका मारतो, ओ देणारा त्या हाकेमागे जातो, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हणून दुसरी हाक येईपर्यंत पाऊल उचलायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही. आपल्या गावात कुणालाही हे पुन्हा सांगावं लागत नाही.

मोठीनं बाबांना नेल्यावर मामानं तुला भद्रावतीला नेलं. कारखान्याच्या कॉलनीत हिरवं मैदान होतं, गोलाला खरीखुरी जाळी होती, आणि तुला तर धानाच्या कापलेल्या बांधीत जिशानचा फाटका चेंडू मारायची सवय. कॉलनीतल्या सरांनी तुला पाहिलं आणि विचारलं, चेंडू यायच्या आधी मागे बघायला कुणी शिकवलं? तू म्हणालास, मोहानं. सरांना वाटलं, मोहन नावाचे कुणी शिक्षक असतील. त्यांना भेटायची त्यांची फार इच्छा होती. पण तुझी एक खोडही त्यांच्या लक्षात आली. कुणी एकदा 'दे' म्हणून ओरडलं की तू चेंडू द्यायचाच नाहीस. समोर मोकळा गडी उभा असला तरी नाही. सरांनी शिक्षा करून पाहिली, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. शेवटी पोरांनीच तोड काढली आणि तुला दोनदा हाक मारायला लागली. प्रफुल, प्रफुल. आज मणिपूरचे आणि केरळचे खेळाडूही तुला तशीच हाक मारतात, आणि त्यांना वाटतं विदर्भात अशीच पद्धत असेल. घरी तर मी, आईनं किंवा जिशाननं तुला या नऊ वर्षांत एकदाच हाक मारलेली मला आठवत नाही. चुकून कुणी मारलीच तर तू पांढरा पडायचास. का, ते मी कधी विचारलं नाही. वाटायचं, बाप नसलेलं पोर आहे, भितं.

तुझं पुढचं सगळं मला तोंडपाठ आहे. नागपूरच्या निवड चाचणीला मामाचे बूट घालून गेलास, पुढे बोटांजवळ कापूस कोंबून. अकादमीच्या वसतिगृहातून फोन करून रडलास की इथे भात असतो पण आपला नसतो. मग गोव्याच्या क्लबनं तुला घेतलं आणि वर्षभर बाकावर बसवून ठेवलं. प्रत्येक सामन्यात आम्ही बाकावरच्या रांगेत तुझं डोकं शोधायचो. आणि मग एकदा मैदानात उतरलास तो बाहेर आलाच नाहीस. आता या महिन्याच्या अखेरीला देशाच्या तेवीस वर्षांखालच्या संघाचं शिबिर आहे आणि निवडायच्या पोरांत तुझं नाव आहे. मधेच परवानगीशिवाय कुठे निघून गेलास तर क्लब दारात उभं करणार नाही, शिबिर तर लांबच, हे तूच मला सांगितलंस. मी ते विसरलेले नाही. तूही विसरू नको.

मार्चमध्ये इकडे पहिला मोह पडला त्याच आठवड्यातला तो सामना. तू चेंडू घ्यायला वळलास आणि डाव्या खांद्यावरून मागे पाहिलंस. मागे कुणी नव्हतं. रेघ होती, कोपऱ्याचा झेंडा होता आणि त्यापलीकडे रिकाम्या खुर्च्या. तू पुन्हा तिकडेच पाहिलंस आणि थांबलास. चेंडू तुझ्या पायाजवळून निघून गेला, त्यांनी गोल केला, तुझी माणसं तुझ्यावर ओरडत होती, आणि तू त्या खुर्च्यांकडे पाहत होतास. हनुवटी उचललेली, ओठ जरा उघडे. टीव्हीवरचा म्हणाला, काही दुखापत दिसते. मला ते उभं राहणं ओळखीचं होतं. हाक ऐकून दुसरीची वाट पाहणारं माणूस तसंच उभं राहतं. पुढच्या सामन्यातही तेच झालं आणि मग क्लबनं तुला पुन्हा बाकावर बसवलं.

आता जे लिहिते ते जिशाननं आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला कसला त्रास होतोय ते कळावं म्हणून त्यानं त्या सामन्याचा तेवढा तुकडा मोबाईलवर काढून घेतला होता आणि कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकला होता. भर दुपारी मी दुकानात गेले तर तो गप्प. एरवी त्याचं तोंड बंद ठेवायला कुलूप लागतं. म्हणाला, "ताई, हे आयकून पाह्य. काय आयकलं ते मले सांगू नको." मी इयरफोन घातले. लोकांचा गलका होता, शिट्टी होती, कुणीतरी लांबून ओरडत होतं. आणि तू वळायच्या जरा आधी, अगदी जवळून, आपल्या अंगणात बोलावं तसं, कुणीतरी म्हणालं, झिंगू रे. तो 'रे' खाली ओढलेला होता. बाबा शेताच्या धुऱ्यावरून जेवायला बोलवायचे तेव्हा ओढायचे, तसाच. एकदाच. झिंगू हे नाव त्या अख्ख्या गोव्यात कुणाला ठाऊक नाही. मी इयरफोन काढले. जिशाननं बाबांचं नाव घेऊन एवढंच विचारलं, "मुखरूकाका?" मी मान हलवली. त्यानं तो तुकडा पुसून टाकला, मला पाणी दिलं आणि भर बाजाराच्या दिवशी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

त्यानंतर तुझा फोन आला. मैदानावर मागून हाक येते म्हणालास, डाव्या हाताकडून, बाबांच्या आवाजात. क्लबच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि मन रमवायला सांगितलंय म्हणालास. आणि मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ते बाहेर काढलंस. त्या सकाळी तू मोहाखाली उभा होतास, आई आणि शेजारच्या बाया वेचत होत्या. नाल्यापलीकडच्या आपल्या दुसऱ्या मोहाखाली किती पडलंय ते बघायला बाबा एकटेच गेले. थोड्या वेळानं तिकडून त्यांची हाक आली. एकदा. तू शिकवल्याप्रमाणे दुसरीची वाट पाहिलीस. दुसरी आली नाही. तू म्हणालास, "ताई, मी ओ देली असती तं..." आणि रडायला लागलास. मग तू एकदम शांत आवाजात म्हणालास, "मी येतो. त्या मोहाखाली उभा रायतो अन् ओ देतो." तुझं रडणं मला सहन झालं होतं. तो शांत आवाज नाही झाला.

तुला आठवत असेल, त्या दिवशी मी जंगलात नव्हते. सावलीला माझा दहावीचा पेपर होता. मी घरी आले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. त्यामुळे त्या सकाळचं मला जे माहीत होतं ते सगळं ऐकलेलं होतं, आणि त्यात हाकेचा विषय कुणी कधी काढला नव्हता. तुझ्या फोननंतर मी आईला सांगितलं. वाटलं होतं, ती कोलमडेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग सुपाकडे बघत म्हणाली, "आमी सगळ्यायनंच आयकलं. माहे हात मोहानं भरले होते. मी उभी झाली, दुसरीची वाट पाह्यली. पोराकडे पाह्यलं, तो हलला नाई, मंग आमी खाली वाकलो." एवढं बोलून तिनं सूप पाखडलं आणि म्हणाली, "त्याले वाटते का, त्यानं एकट्यानंच आयकलं?" झिंगू, हे वाक्य तू थांबून पुन्हा वाच. सगळ्यांनी ऐकलं होतं. मोठ्या, जाणत्या बाया होत्या त्या, एक तर बाबांची बायको होती, आणि एकीनंही ओ दिली नाही. प्रत्येक बाई ती हाक पदराखाली झाकून घरी घेऊन गेली आणि दुसरीला बोलली नाही. तू अकरा वर्षांचा होतास. बाबांनी सांगितलं तेच तू केलंस. त्या रात्रीपासून तू एकटा हे उरावर घेऊन झोपत होतास आणि मी शेजारच्या खाटेवर घोरत होते, या विचारानं मला फार रडू आलं.

मग मी ठरवलं की ओ द्यायचीच असेल तर ती मी देईन. तुमच्या सगळ्यांच्या कानावर ती हाक आली आणि परत गेली. माझ्याकडे ती कधी आलीच नव्हती. सुट्टीच्या दिवशी ऊन वर आल्यावर, वेचणारे घरी परतल्यावर, आईला न सांगता मी गेले. मोहाखालची जमीन पाला जाळून काळी केलेली होती आणि तिच्यावर उशिरा पडलेली फुलं होती. वानरं झाडावर बसलेली होती, पण मोठी दिसल्यावर खाकरतात तसं एकही खाकरत नव्हतं. सगळी नाल्याकडे तोंड करून बसलेली. मी मधोमध, तू उभा राहायचास तिथे उभी राहिले. बराच वेळ काही झालं नाही. भीतीपेक्षा मला लाजच वाटायला लागली की शिकलेली बाई आणि हे काय करतेय. तेवढ्यात नाल्यापलीकडून आली. झिंगू रे. दिवसाढवळ्या, स्पष्ट. मी मनात ठरवून गेले होते तरी सवयीनं दुसरीची वाट पाहिली. दुसरी आली नाही. मग मी म्हणाले, "ओ, बाबा." माझाच आवाज मला फार मोठा वाटला. "झिंगू नाई, मी रंजी आहो," मी म्हणाले. "त्यानं आयकलं होतं, बाबा. तुमीच शिकवलं होतं त्याले."

नाल्याकडून काहीच उत्तर आलं नाही. पण माझ्या मागे सागाचा वाळला पाला वाजला, कुणी तिथे अंगाचं वजन ठेवावं तसा. नाला माझ्या समोर होता आणि पाला मागे वाजला होता. मी वळून पाहिलं नाही. घराकडे चालायला लागले. मी चालले की पाला वाजे, मी थांबले की थांबे. आपल्या कुंपणापर्यंत तसंच झालं. दुसऱ्या दिवशी गार्डनं मला कुंपणाबाहेर ओल्या मातीतलं पाऊल दाखवलं, मोठीचंच होतं, आणि म्हणाला, ताई, नशीबवान आहात. मी म्हटलं, असेन.

आणि मग रविवारचा सामना. तुला पुन्हा घेतलं होतं. मी टीव्हीकडे बघत नव्हते, तुझ्या डाव्या खांद्याकडे बघत होते. तू उजवीकडे पाहिलंस, पुढे पाहिलंस, मागेही पाहिलंस, जिथे खरीच माणसं होती तिथे. त्या कोपऱ्याकडे तुझी मान एकदाही गेली नाही. तुझ्या पासवर गोल झाला तेव्हा जिशान काउंटरवर चढला. त्यानं दुकानांच्या अख्ख्या लाईनीला जिलबी वाटली. आई मोठ्यानं हसली, दात दिसेपर्यंत. मला वाटलं, सुटलो आपण. बाबांना एका ओ-चीच आस होती, ती मिळाली, आता ते कुणाला बोलावणार नाहीत. घरी येताना एसटीत मी चक्क गुणगुणत होते. तू म्हणतोस ना, ताईच्या गाण्यानं म्हशी आटतात, तेच.

आता कारण सांगते. काल संध्याकाळी तू आईला फोन करून सांगितलंस की तिकीट काढलंय, क्लबला न कळवता निघतोय. आई म्हणाली, काऊन? तर तू म्हणालास, "ताईनं दुपारी फोन करून बोलावलं. रडून राह्यली होती. मोह संपायच्या आत ये म्हणे." आईनं माझ्या हातात फोन देईपर्यंत तू ठेवलास. झिंगू, मी तुला फोन केलेला नाही. काल सकाळपासून माझा फोन काच बदलायला जिशानच्या दुकानात, बंद खणात होता, त्याला विचार. मी अंगणवाडीत पोरांची वजनं करत होते. काल रात्रभर मी विचार करत बसले आणि मला कळलं ते हे, की त्या मोहाखाली मी तोंड उघडलं आणि माझा आवाज तिथे देऊन आले. इतकी वर्षं त्या हाकेजवळ एकट्या बाबांचा आवाज होता. आता माझाही आहे. आज हे पत्र लिहायला बसले तेव्हाही मागच्या दाराशी कुणीतरी म्हणालं, झिंगू रे. आई चुलीजवळून उठली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण आवाज माझा होता आणि माझे ओठ बंद होते. तिनं पुढे होऊन कडी घातली. आम्ही दोघीही ओ देत नाही, मागच्या दारी जात नाही, वनखात्यानं पिंजरा लावलाय, आणि आठ-दहा दिवसांत मोह संपेल. तोवर माझ्या आवाजात कुणी तुला ये म्हणालं, कितीही रडलं, तरी फोन ठेवून द्यायचा. बोलवायचं झालं तर मी लिहून बोलवीन, झ-ची शेपटी बघूनच निघायचं. जिशान या पानांचे फोटो आत्ता तुला पाठवेल, पानं मागून टपालानं येतील. तिकीट फाडून टाक, शिबिराला जा, उजवीकडे बघ, डावीकडे बघ, खरी माणसं असतील तिथे बघ. एवढं वाचूनही मनात आलं की ताई घाबरून खोटं बोलतेय, फोन तिनंच केला होता, तर एकच आठव. त्या फोनवर तिनं तुला एकदा हाक मारली होती, की दोनदा?

मागचं माझ्याकडे.

तुझीच,
रंजीताई